दुधाला पुरून उरेल अशी कॉफी : घरच्या कढईतल्या नोंदी

५ एप्रिल २०२५

कामाचा हेतू आधीच लिहून ठेवतो. कच्च्या बिया घरी भाजून अशी कॉफी करायची, जी दूध, साखर आणि जायफळ पडल्यावरही कॉफीच लागेल. आमच्याकडे कॉफी म्हणजे दूध उकळायचं, पूड टाकायची, वरून जायफळ किसायचं आणि गाळायचं. काळी कॉफी पिणारा घरात मी एकटा, तोही ऑफिसात. त्यामुळे भाजण्याबद्दल जे वाचलं-ऐकलं त्यातलं निम्मं आमच्या कामाचं नाही. हलकी भाजणी, फळांचा आंबटपणा, फुलांचा वास हे सगळं काळ्या कॉफीचं कौतुक. तापलेल्या दुधात तो आंबटपणा नकोसा होतो.

माल आला: चिकमगळूरकडची अरेबिका (कॉफीची एक जात), प्रत ‘प्लांटेशन ए’. प्लांटेशन म्हणजे फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेली. ‘ए’ हा आकार, म्हणजे १७ नंबरच्या चाळणीवर, ६.६५ मिलिमीटरच्या भोकांवर, उरणारं बी. चवीची हमी त्यात नाही, पण बिया एकसारख्या असल्या की भाजायला सोपं जातं. फळासकट वाळवलेली ती ‘चेरी’. ती स्वस्त पडते, पण लहान-मोठं बी एकत्र येतं म्हणून आत्ता घेतली नाही.

भाव चढेच आहेत. फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली होती, त्याची झळ आपल्याकडेही पोचली. शिवाय भाजताना बी वजनाला घटतं, किलोमागे साधारण दीडशे ग्रॅम हवेत जातात. पैसे वाचवायला हा उद्योग करू नये. दादरहून माटुंगा चालत गाठता येतं आणि तिथे म्हैसूर कन्सर्नसारख्या दुकानात ताजी दळून मिळते, चांगली मिळते. मला भाजण्याचा लगाम माझ्या हातात हवाय, एवढंच.

६ एप्रिल

गरम हवेचं पॉपकॉर्न मशीन. या कामासाठी बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. ८० ग्रॅम बिया, गॅलरीत, मशीनच्या तोंडापुढे जुनी परात.

पिवळी पडली पावणेदोन मिनिटांत. पहिली तडतड, म्हणजे बी फुगून तडकल्याचा आवाज, बरोबर चौथ्या मिनिटाला. ५:४० ला बंद. वजन ६९ ग्रॅम, म्हणजे जवळपास १४ टक्के घट.

दिसायला देखणी, सगळ्या बिया एका रंगाच्या. पण बी दाताखाली फोडून पाहिलं तर आत रंग फिका. बाहेर तपकिरी, पोटात बदामी. हवा इतकी तापलेली की साल आतल्या गराला गाठू देत नाही. कच्च्या बीत १० ते १२ टक्के पाणी असतं, ते निवांत निघायला हवं. इथे ते उकळून उडालं.

फोलपटाबद्दल स्वतंत्र नोंद. बीवरचं चंदेरी पापुद्र्यासारखं साल सुटतं आणि मशीन ते जोरात बाहेर फेकतं. परात अपुरी पडली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर सगळं उतरलं. काकूंनी खालूनच विचारलं, “अहो, काय पाखडताय?” यापुढे परातीभोवती जुनं धोतर.

९ एप्रिल

भाजल्यावर तीन दिवस मुरवलेली, म्हणजे नुसती ठेवून दिलेली कॉफी उघडली. दुधात घातली तर ओल्या गवताचा वास आणि शेवटी आंबट झणका. जायफळानंही झाकला नाही.

मशीनमध्ये ८० च्या जागी ६० ग्रॅम घातले. बिया कमी असल्या की हवा मोकळी निसटते आणि भाजणं लांबतं, साडेसात मिनिटांवर गेलं. चव सुधारली. पण मशीनचा उष्णता तोडणारा स्विच दोन घाण्यांमध्ये अर्धा तास रुसून बसतो. आठवड्याची पाव किलो पूड काढायची तर अख्खा रविवार जाईल. मशीन परत पॉपकॉर्नच्या कामावर.

१९ एप्रिल

कढई. घरात दोन आहेत: आईची बिडाची आणि एक पातळ लोखंडी, खोलगट. दोन्हींत १५० ग्रॅमचा घाणा. कढई आधी मध्यम आचेवर तापवून घेतली.

बिडाची: तापायला वेळ, पण एकदा तापली की बिया पडल्यावरही थंडावत नाही. पिवळी ५ मिनिटांनी, पहिली तडतड १० च्या सुमारास. घोळ शेवटी होतो. गॅस बंद केला तरी कढई भाजतच राहते.

पातळ लोखंडी: गॅस कमी केला की तीस सेकंदांत बियांना कळतं. पण हात क्षणभर थांबला की तळाला डाग. पिवळी ६ मिनिटांनी, तडतड ११:१५ ला.

दोन्हींत एक दोष सारखाच. कॉफीच्या बीची एक बाजू सपाट. हलवता हलवता ती त्या बाजूवर बसते आणि तिथे काळा ठिपका उठतो. झाऱ्यानं नुसतं गोल फिरवून भागत नाही, तळातून वर उचलून पालथं पाडायला लागतं. लाकडी कालथा त्याला झाऱ्यापेक्षा बरा, धारेने तळ खरवडला जातो आणि बी चेपत नाही.

तापमापकाची सुई बियांत खुपसून ठेवली होती. पहिली तडतड ऐकू आली तेव्हा आकडा १७४. पुस्तकी आकडा १९६ ते २०५ अंशांच्या मधला. बिया खोटं बोलत नाहीत. कढईतला थर इतका पातळ की सुईचा निम्मा भाग हवेतच असतो. लेसरचा तापमापकही करून पाहिला, तो चकचकीत लोखंडावर भलतंच सांगतो. त्यामुळे आकडा टिपायचा तो माझ्याच मागच्या घाण्याशी ताडून पाहायला, दुसऱ्याच्या तक्त्याशी नाही. कान आणि नाक हीच मुख्य साधनं, आणि भिंतीवरचं घड्याळ.

१ मे

सुट्टी. आज नेमका प्रश्न सोडवायला घेतला: दुधासाठी भाजणी थांबवायची कुठे?

शेंगदाणे भाजताना एखादा तोंडात टाकून बघता येतो, कॉफीचं तसं नाही. गरम बी चावून काहीच कळत नाही आणि चव तीन दिवसांनी उघडते. म्हणून एकाच पिशवीतल्या बिया तीन टप्प्यांवर उतरवल्या. तिन्ही लोखंडी कढईत, १५० ग्रॅम.

क : पहिली तडतड संपत आली की लगेच. १३१ ग्रॅम उरली.
ख : त्यापुढे दोन मिनिटं, मंद आच. १२७ ग्रॅम.
ग : दुसरी तडतड सुरू होताच. १२३ ग्रॅम, म्हणजे १८ टक्के घट.

या दोन तडतडी कानाला अगदी वेगळ्या. पहिलीत बीच्या आत कोंडलेली वाफ आणि वायू सालीला फोडून बाहेर येतात, आवाज मोठा, सुटा-सुटा, खणखणीत. बी एकदम फुगतं. दुसरी त्यानंतर, २२५ अंशांच्या आसपास. ती बारीक, घाईची, चुरचुरणारी. तोवर बीचा सांगाडा ठिसूळ झालेला असतो आणि आतलं तेल पृष्ठभागाकडे निघालेलं असतं. मधल्या दोन-अडीच मिनिटांत जे होतं तेच माझ्या कामाचं.

वासाचा क्रमही लिहून ठेवतो: सुरुवातीला भिजलेल्या गोणपाटाचा, पिवळेपणी भाजलेल्या पावाचा, तडतडीच्या तोंडावर काहीसा आंबूस, नाकात झोंबणारा, आणि मग एकाएकी गोडसर. दुसऱ्या तडतडीआधी धूर रंग बदलतो, पांढऱ्याचा निळसर होतो आणि डोळ्यांना लागतो. एक्झॉस्ट पंखा लावूनही ‘ग’च्या वेळी स्वयंपाकघरातून सगळे बाहेर गेले.

४ मे

तिन्ही कॉफ्या दुधात. प्रत्येकी एक कप दूध, दोन सपाट चमचे पूड, साखर आणि जायफळ सारखंच. पूड मिक्सरच्या छोट्या भांड्यात, थांबत थांबत फिरवून. भांडं गरम झालं की वास उडतो.

‘क’ म्हणजे जायफळाचं दूध. कॉफी होती असं मी सांगितलं म्हणून कळलं. ‘ख’मध्ये कॉफी आहे, पण दुसऱ्या घोटानंतर मागे सरते. ‘ग’ भरदार. दुधाच्या गोडव्यासमोर कडूपणा उभा राहतो आणि जायफळ त्याच्या मागे चालतं. आई म्हणाली, “ही खरी. पण शेवटी जळकट लागतेय रे.” बरोबर होतं तिचं, घशात करपल्याची चव रेंगाळत होती.

मग हवं ते ‘ख’ आणि ‘ग’च्या मध्ये कुठेतरी. तडतड ऐकून थांबलं तर उशीर झालेला असतो. धूर निळसर व्हायला लागताच उतरवायचं.

यावरून एक मत पक्कं झालं आहे. बाजारात हल्ली हलक्या भाजणीचंच गुणगान चालतं आणि गडद भाजणारा म्हणजे अडाणी, असा सूर असतो. तो सूर काळ्या कॉफीपुरता ठीक. ज्या घरात पातेल्यात दूध उकळतं तिथे हलकी भाजलेली महागडी कॉफी घालणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

११ मे

‘ग’ला जळकट चव दिली ती निवण्यातल्या ढिलाईनं. गॅसवरून उतरवलेली बी थांबत नाही. या टप्प्यावर ती स्वतःच उष्णता सोडत असते आणि परातीत ढीग करून ठेवली तर मधल्या बिया आणखी मिनिट-दीड मिनिट भाजल्या जातात. थंड गावी खिडकी उघडली की भागत असेल. मुंबईत मे महिन्यात ओट्याजवळची हवा पस्तीस अंश, त्यात दमट. बी निवायला तयार होत नाही.

मोजलं. परातीत पसरून, झाऱ्यानं हलवत : हाताला सोसवेल इतकी निवायला ११ मिनिटं.
दोन पिठाच्या मोठ्या चाळण्यांत, एकीतून दुसरीत उपडी करत : ६ मिनिटं.
चाळणी दोन डब्यांवर टेकवून खाली टेबल पंखा आडवा, तोंड वर करून : अडीच मिनिटं.

तिसरी पद्धत पक्की. फोलपटही पंख्यानंच उडून जातं, सूप घेऊन पाखडायची गरज उरत नाही. अर्थात ते सगळं स्वयंपाकघरभर होतं, म्हणून हे काम न्हाणीघरात. जमीन लगेच धुता येते. पंख्याची वायर दाराबाहेर, पाण्यापासून लांब, हे मात्र पाळायचंच.

अशा निववलेल्या घाण्यात, तेवढ्याच भाजणीवर, घशातली ती चव गेली.

२७ मे

काल मुंबईत पाऊस दाखल झाला. नेहमीची तारीख ११ जून. २६ मे म्हणजे आजवरच्या नोंदींतली सगळ्यात लवकरची. कच्च्या मालाचा बंदोबस्त मी जूनमध्ये करणार होतो, तो आज.

कच्ची कॉफी हवेतलं पाणी ओढते. किती ते बघायला १०० ग्रॅम बिया उघड्या वाडग्यात ओट्याच्या कोपऱ्यात ठेवल्या. उरलेल्या घट्ट झाकणाच्या बरणीत, आत सिलिका जेलच्या पुड्या.

१५ जून

वाडगा: १०० चे १०४ ग्रॅम. रंग हिरव्यातून फिका, बीला नखानं खूण पडते. तीच १०० ग्रॅम भाजली तर पिवळी पडायला सव्वाआठ मिनिटं लागली. पहिली तडतड विखुरलेली, कधी सुरू झाली ते नक्की सांगता येईना. कपात चव बोथट. बरणीतली पूर्वीसारखीच.

ऑफिसातला एक मित्र म्हणाला, “अरे मग घरीच मान्सून्ड मलबार करून टाक की.” ऐकायला सोपं. मान्सून्ड मलबार हे ओल्या हवेत विसरून गेलेलं बी नव्हे. वाळवलेली चेरी कॉफी मंगळूरच्या किनाऱ्यावर, चारही बाजूंनी मोकळ्या गोदामांत पातळ थरानं पसरतात, पावसाळी वाऱ्यावर ठेवतात, सतत उलथतात, मग सैल पोत्यांत भरतात, पोती हलवत राहतात. असं काही आठवडे. बी फुगतं, पेंढ्यासारखं फिकं होतं, आंबटपणा जवळजवळ जातो. मुळात शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने जाणाऱ्या कॉफीचं आपोआप असं व्हायचं. युरोपातल्या लोकांना तीच चव लागली. पुढे वाफेची जहाजं आली, १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला, प्रवास आटोपशीर झाला आणि कॉफी हिरवीच पोचू लागली. तेव्हा तीच चव किनाऱ्यावर मुद्दाम घडवायला सुरुवात झाली. खेळता वारा आणि रोजची उलथापालथ हा त्यातला जीव. आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात ते दोन्ही नाही, तिथे फक्त बुरशी येईल. आणि बुरशीचा वास आलेली कॉफी भाजून शुद्ध होत नाही, टाकूनच द्यायची.

पण तयार मान्सून्ड मलबार पाव किलो मागवली.

२८ जून

मान्सून्ड मलबार, १५० ग्रॅम. बी आकारानं मोठं आणि वजनाला हलकं, कढई भरल्यासारखी दिसते. नेहमीच्या आचेवर कडा पटकन काळ्या होतात. आच एक पायरी खाली, सुरुवात लांबवली. पहिली तडतड इतकी दबकी की पावसाच्या आवाजात ऐकूच आली नाही. वासावर आणि रंगावर उतरवली, १४:३० ला.

दुधात उत्तम. आंबटपणा नाहीच, एक मातकट, दाट चव. आईला आवडली, बायकोला “पावसात भिजलेल्या पोत्याची” वाटली. एकटी नको, मिसळायला चालेल.

६ जुलै

आषाढी. घरात उपवास, म्हणजे कॉफीच्या फेऱ्या दुप्पट. माटुंग्याहून आणलेली जुनी, चिकोरी मिसळलेली पूड संपवायला काढली, तर आईनं विचारलं, “चिकोरी उपासाला चालते का रे?” मी म्हटलं, मूळ आहे, गुजरातेत पिकतं, रताळ्याच्या जवळपास धर. तिनं ते मान्य केलं नाही आणि माझी भाजलेली बिनचिकोरीची काढायला लावली.

चिकोरीबद्दल माझी तक्रार नाही. दुधाला रंग आणि दाटपणा ती स्वस्तात देते. आपल्याकडच्या नियमात मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असली की भागतं, म्हणून पाकीट उलटं करून प्रमाण वाचावं, इतकंच.

ताज्या पुडीचा एक त्रास आज दिसला. परवाच भाजलेली कॉफी उकळत्या दुधात टाकली तर फसफसून पातेलं ओतू गेलं. बीत अडकलेला कार्बन डायऑक्साइड अजून निघत होता. चौथ्या दिवसापासून हा प्रकार थांबतो. चवही तेव्हाच बसते. आणि वरची हद्दही ठरवली: गडद भाजलेल्या बीला या हवेत दोन आठवड्यांनंतर खवट वास येऊ लागतो. म्हणून महिन्याचं एकदम भाजायचं नाही.

१९ जुलै

आजवरच्या सगळ्यात चांगल्या घाण्याची नोंद. बी बदललं. ‘पीबेरी’.

कॉफीच्या फळात साधारणपणे दोन बिया एकमेकींना टेकून वाढतात, म्हणून प्रत्येकीची एक बाजू सपाट. काही फळांत एकच बी धरतं आणि जागा मोकळी मिळाल्यामुळे गोल, लांबट होतं. पिकात असं शेकडा पाच-दहा निघतं, ते चाळून वेगळं विकतात. पीबेरीची चव जास्त चांगली, असं विकणारे सांगतात. मला चवीपेक्षा आकाराशी कर्तव्य. गोल बी कढईत बसत नाही, घरंगळतं. कालथा मारला की सगळ्या बिया आपणहून फिरत राहतात.

१५० ग्रॅम, लोखंडी कढई. पिवळी ६:१०. तडतड ११:०० ला सुरू, यावेळी सगळ्यांची मिळून, स्पष्ट. आच निम्मी. धूर निळसर १३:२० ला, तिथेच उतरवली. पंख्यावर अडीच मिनिटं. उरली १२५ ग्रॅम. मूठभर बिया पांढऱ्या कागदावर पसरून पाहिल्या, काळा ठिपका एकीवरही नाही. एक बी फोडली, आत-बाहेर रंग एक. बीच्या मधल्या चिरेत अडकलेलं फोलपट तेवढं सोनेरी उरलंय.

२३ जुलै

पीबेरी दुधात. कडूपणा आहे, जळकेपणा नाही. कप अर्धा झाल्यावर, कोमट झाल्यावरही कॉफी जागेवर. आईनं जायफळ नेहमीपेक्षा कमी किसलं, न सांगता. बायको बिनसाखरेची प्यायली.

तीन भाग पीबेरी, एक भाग मान्सून्ड मलबार, वेगवेगळी भाजून मग मिसळलेली, हीसुद्धा करून पाहिली. दाटपणा वाढतो. कच्ची मिसळून एकत्र भाजणं जमणार नाही, हलकं बी काळं होईपर्यंत दुसरं तयार होत नाही.

१० ऑगस्ट

गणपती २७ तारखेला. पाच दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांना कॉफी लागणार, अर्धा किलो तरी पूड हवी. कढईचा घाणा १५० ग्रॅमच्या वर न्यायचा नाही हे ठरलेलं. २५० घालून पाहिले तर पहिली तडतड १७ मिनिटांवर गेली आणि चव भाकड झाली. रेंगाळत भाजलेली कॉफी करपलेल्यापेक्षा वाईट, कारण तिच्यात दोष दाखवायलाही काही नसतं. तेव्हा २१ आणि २२ ऑगस्टला संध्याकाळी दोन-दोन घाणे, म्हणजे पहिल्या दिवशी बरोबर मुरलेली असेल. खालच्या काकूंना तारखा सांगून ठेवल्या. त्यांनी चादरी त्या दिवशी आत घालायचं कबूल केलं आणि बदल्यात शंभर ग्रॅम मागितली.

पुढची मागणी: पीबेरी दोन किलो, मान्सून्ड मलबार अर्धा किलो, आणि या खेपेला रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या जातीची चेरीही अर्धा किलो. आपल्या देशात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाच जास्त, कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट, दुधात ती दाट लागते म्हणतात. बी गोलसर आहे, कढईत फिरेल. आधी १०० ग्रॅम एकटी भाजून बघायची, मगच मिसळण्यात घ्यायची. आईला रात्रीच्या कपात ती द्यायची नाही.